बुधीफुईचा होकार

आमच्या पाड्यावर ‘इंजिनेर’ ही शिवी होती. पोर रडायचं थांबेना, की आया म्हणायच्या, “गप, नाय तर इंजिनेर येल.” कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला, की भांडणात पहिला शब्द हाच निघायचा, “मोठा इंजिनेर लागून गेलास!” भीती आम्हांला पोलिसाचीही होती आणि जंगलखात्याच्या गार्डाचीही. पण पोलीस आला तर कोंबडी नेतो, गार्ड आला तर कोयता नेतो, एवढं ठाऊक होतं. इंजिनेर काय नेणार ते तो गेल्यावरच कळायचं. तो जीपमधून यायचा, तीन पायांचं काहीतरी उभं करून एका डोळ्याने बघायचा, खुंट्या ठोकायचा आणि कुणाशी न बोलता निघून जायचा. मग वर्ष-दोन वर्षांनी तिथून हायवे रुंद व्हायचा, विजेचे मनोरे जायचे, नाहीतर पाणी यायचं. पाणी आलं ते बुधीफुईच्या गावात.

बुधीफुई माझ्या बापाची थोरली बहीण. बुधवारी जन्मली म्हणून बुधी, आणि गुजरातचा शेजार असल्यामुळे आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. तिला दिली होती पूर्वेला, डोंगरांच्या मधल्या एका गावात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण नदीकाठची जमीन चांगली होती आणि ती एकटी कसत होती. नदीवर धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. बदल्यात मिळालेला तुकडा कातळाचा. तिथे गवतसुद्धा नाखुशीने उगवायचं. एका सकाळी बाबा तिला आणायला गेले आणि दुपारी दोघं उतारावरून येताना दिसली. जात्याचा वरचा दगड फुईच्या डोक्यावर आणि खालचा बाबांच्या खांद्यावर. मागून एक शेळी. तिचा सगळा संसार तेवढाच आला.

डहाणूजवळच्या रानशेतच्या पुढे डोंगराकडे सरकत गेलं की आमचा पाडा. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या; आत एका बाजूला भाताची कणगी, दुसऱ्या बाजूला चूल आणि मध्ये आम्ही सगळे. फुई आली तेव्हापासून आमची सकाळ जात्याच्या घरघरीने व्हायची. ती दळताना गायची नाही, बोलायची. जात्याशी, शेळीशी, न आलेल्या माणसांशी. मी गोधडीत पडून ऐकायचे आणि त्या बडबडीतच पुन्हा झोप लागायची. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापावी तर तिनेच. पावसाच्या सुरुवातीला रानातून शेवळीची भाजी आणायची, घशाला खाज येऊ नये म्हणून काकडाची आंबट फळं घालून शिजवायची, आणि भांडं उतरवल्यावर आधी स्वतः खाऊन बघायची. “मी नाय मेली तर तुम्ही खा,” असं म्हणून सगळ्यांना वाढायची. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या वाढवणहून एक मांगेलीण, मासेवाली, सुके बोंबील घेऊन यायची, भाताच्या बदल्यात देऊन जायची. ते बोंबील निखाऱ्यावर भाजले, की वास खालच्या वस्तीपर्यंत जायचा आणि कुणी ना कुणी सहज म्हणून डोकावायचं. फुई त्यालाही बसवायची. आज माझ्या डहाणूच्या घरात गॅसवर बोंबील भाजला, की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. काळ बदलला, दुसरं काय.

(आम्ही घरी आमची बोली बोलायचो. इथे ती वाचणाऱ्याला अडणार नाही एवढीच ठेवली आहे.)

मी तलासरीकडच्या आश्रमशाळेत शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी यायचे. अशाच एका सुट्टीत पाड्यावर जीप आली. रस्त्याची मोजणी होती म्हणे. बायापोरं झाडाआड उभी राहून बघत होती. माणसं उन्हात होती, तहानलेली होती, म्हणून आईने माझ्याकडे पाण्याची कळशी दिली. त्यांच्यातला ओव्हरसियर घाटावरचा, कोवळा, नाकाची साल निघालेला असा एक तरुण होता. पाणी पिऊन त्याने मला विचारलं, “बघायचंय का यातून?”

मी डोळा लावला आणि हसतच सुटले. आमचं घर उलटं लोंबकळत होतं. आभाळ खाली, जमीन वर, आणि त्या जमिनीला पायांनी चिकटून बुधीफुई कोंबड्यांना दाणे टाकत होती. दाणे वर पडत होते आणि कोंबड्या ते वरच्या वर टिपत होत्या.

“उलटं का दिसतं?” मी विचारलं.

त्याने मला उडवून लावलं नाही. उकिडवा बसला, काटकीने धुळीत भिंग काढलं, उजेडाच्या रेघा काढल्या, त्या एकमेकींना कुठे छेदतात ते दाखवलं. मला अर्धं कळलं. पण माझ्या ‘का’ला एवढं लांब उत्तर तोवर कुणी दिलं नव्हतं. आश्रमशाळेत ‘का’ विचारलं की पाठ करायला लावायचे. जाताना तो म्हणाला, “दहावी झालीस की तंत्रनिकेतनाला जा. सिव्हिल घे. मुली येत नाहीत, पण यायला काही हरकत नाही.”

ती माणसं गेल्यावर फुईने त्यांच्या सगळ्या खुंट्या उपटून आणल्या आणि चुलीत घातल्या. त्या दिवशीची भाकरी सरकारी लाकडावर भाजली. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर रिकाम्या खड्ड्यांकडे बघत उभा राहिला, तेव्हा ही दारातून म्हणाली, “वाळवी लई आहे साहेब आमच्याकडे.” तो हसला आणि पुन्हा ठोकायला लागला. मी मात्र पुढची सगळी सुट्टी त्या भिंगात अडकून राहिले. पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटलीतून घर बघ, पेजेच्या थाळीतलं प्रतिबिंब बघ. आईला वाटलं, पोरीला लागीर झालं.

दहावीला मला बरे गुण पडले आणि माझ्या आयुष्याचं काय करावं यावर एकाएकी सगळ्यांनाच मत फुटलं. आई ज्या चिकूच्या वाडीत कामाला जायची, तिथल्या शेठाणी म्हणाल्या, “छोकरीला नर्स बनव ने. दवाखान्यात सावलीत राहील.” आईला ते पटलं, नर्सबाईच्या पांढऱ्या साडीवर तिचा फार जीव होता. काका बोईसरच्या कंपनीत पॅकिंगला होता, तो म्हणाला, “बारावी कशाला, आत्ताच लावून देतो.” आणि आमचे गणिताचे सर, ज्यांनी मला बीजगणिताची गोडी लावली तेच सर म्हणाले, “डी.एड. कर. मास्तरीण हो. आपल्या भागातल्या मुलीला याहून चांगलं काही नाही.”

मी म्हटलं, “सर, मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय.”

सरांनी डस्टर हातात फिरवलं. “अगं, साइटवर काम असतं ते. पोरीची जात, उन्हातान्हात कुठे हिंडणार?”

“मी आताही उन्हातच हिंडते, सर. भाताची आवणी करते, लाकडं आणते.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. “घरच्यांना विचार,” म्हणाले. “ते हो म्हणाले तर मी स्वतः तुझ्याबरोबर येतो.” सरांचं मला नवल वाटत नाही. त्यांना विज्ञान आवडायचं, ते आम्हांला जीव लावून शिकवायचे. फक्त ते शिकून पुढे कुणी काही करावं, आणि तेही आमच्यातल्या एका पोरीने, हे त्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. माझ्याही डोळ्यांसमोर ते आलं एका परक्या माणसामुळे.

घरी मी ‘इंजिनेर’ हा शब्द उच्चारला आणि जातं थांबलं. फुईने मूठभर नागली तशीच हातात धरली होती. बाबा सूप विणत बसले होते, त्यांचेही हात थांबले. आई पुटपुटली, “नर्स चांगली होती.” कुणीच ओरडलं नाही. ओरडले असते तर मी भांडले असते. फुई उठली, नागली परत टोपलीत टाकली आणि शेळी सोडायला बाहेर गेली.

बाबा कमी बोलायचे. त्या दिवशी बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. “माझी काय ना नाय. पण हे शिकलेल्यांनी तिचं घर बुडवलं. ती माझ्या घरात राहते. तिला विचार. बुधी हो म्हणली तर जा, नाय म्हणली तर नको जाऊ. मग नर्स हो, मास्तरीण हो, काय पण हो.”

फुईने माझ्याशी बोलणं सोडलं. माझ्या ताटात भाकरी यायची, जरा मोठीच यायची, पण शब्द यायचा नाही. ती शेळीला सांगायची, “त्या कमळीला सांग, पाणी आणायचंय.” शेळी माझ्याकडे बघायची. मला हसू यायचं आणि मी कळशी उचलून निघायचे.

इथे जरा थांबून आजचं सांगते, कारण त्याच्यामुळेच हे लिहायला बसले. अलीकडे वाढवणला एका हळदीला गेले होते. किनाऱ्यावर बंदर होणार म्हणून तिथले लोक धास्तावले आहेत. कोळी, मांगेले, दागिन्यांचे साचे करणारे डायमेकर, बागायतदार, सगळेच. मांडवात एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. जहाजाच्या इंजिनांचं शिकायला नंबर लागला होता तिचा. हळू आवाजात म्हणाली, “बाई, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, तू त्यांच्यातलीच होणार.” तलासरीपासून डहाणूपर्यंत आता जिथे तिथे इंजिनियर करून देणाऱ्या क्लासचे फलक आहेत, पेढे वाटले जातात, इंजिनियर झालेली पोरं मोटरसायकलवरून पार्सलंही वाटताना दिसतात. मला वाटलं होतं, आमच्या घरातली ती शांतता फक्त आमची होती आणि ती आता संपली. ती संपलेली नाही. मी त्या मुलीला उपदेश केला नाही. फुईची गोष्ट सांगितली, ती अशी.

पाऊस अजून आला नव्हता. एका पहाटे फुईने मला हलवून उठवलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली, “चल.” तिने भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. आम्ही एसटीने जेवढं जाता येतं तेवढं गेलो, मग पायवाटेने चालत. सागाची पानं पायांखाली पापडासारखी मोडत होती. फुई पुढे, मी मागे. एक टेकडी चढलो आणि खाली धरणाचं पाणी दिसलं. पाणी म्हणजे मधोमध उरलेलं. त्याच्या चारी बाजूंना भेगाळलेला चिखल आणि चिखलात उभी मेलेली झाडं.

फुई न थांबता उतरली. कुठे पाय टाकायचा हे तिला कळत होतं. चिखलात एक विहिरीचा काठ वर आला होता, दगडांचा, आत गाळ. तिथून ती डावीकडे वळली आणि एका चौकोनी दगडी जोत्याशी थांबली. चपला काढल्या. मीही काढल्या.

“ये आत,” म्हणाली.

भिंत नव्हती, दार नव्हतं, पण ती दारातूनच गेली. “इथं चूल. इथं जातं. इथं तुझे मामा निजायचे, पाय बाहेर यायचे त्यांचे, इतके उंच.” आमच्याकडे फुईच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फुई चुलीच्या जागी बसली, फडकं सोडलं, मला भाकरी दिली. तिच्या घरात मी जेवले ते तेवढंच. वर ऊन, बाजूला बगळे, आणि ती मला आग्रह करत होती, “आणखी घे, चटणी संपव,” जणू कुणी पाहुणी आली होती.

जेवून हात पदराला पुसत ती म्हणाली, “कमळे, ज्याने हे बांधलं त्याला गणित येत असेल ना?”

“येत असणार.”

“चांगलं येत असेल?”

“हो फुई. चांगलं येत असणार.”

“मग आमच्या शेतात भात उभा असताना पाणी येणार, हे त्याला कसं नाय कळलं? आम्हांला सांगितलेलं, भात कापा, झोडा, मग जा. आम्ही कापणीला विळे पाजळत होतो. पाणी आलं. लोंब्या पाण्यात डुलत होत्या गं. मी गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन कापल्या त्या.” ती रडत नव्हती. खरंच विचारत होती. आपल्या भाचीने शाळेत एवढं गणित केलंय, तर तिला ठाऊक असेल, असं समजून. “आणि सांगायला आला तो शिपाई. साहेब होता, पण गाडीतून उतरला नाय. काच पण खाली नाय केली. उतरला असता तर त्याला दाखवला असता भात. डोळे होते त्याला.”

आजही त्या प्रश्नाचं पुरं उत्तर मला येतं असं नाही. मी पंधरा-सोळा वर्षांची होते, पायाला चिखल लागला होता, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, “मी उतरेन, फुई.”

फुई एकदम हसली, पुढचा पडलेला दात दिसेपर्यंत हसली. “तू? तुना कोण गाडी देणार गं?” आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसलं, उठली, चपला घातल्या. टेकडी चढताना तिने माझा हात धरला. धाप लागली होती म्हणून धरला, असं मला तेव्हा वाटलं. वर आल्यावरही तिने सोडला नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात होते. फुई त्यांना म्हणाली, “जाऊ दे तिला.” आणि आईकडे वळून, “पांढऱ्या साडीला डाग लई पडतात. बरं झालं.”

सर शब्दाला जागले, माझ्याबरोबर आले. तंत्रनिकेतनात आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या आणि आमच्या भागातली मी एकटी. भाषा माझी वेगळी, इंग्रजी पुस्तकं डोंगराएवढी, पहिल्या वर्षी एका विषयात नापासही झाले. त्याबद्दल पुढे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते रडगाणं इथे नको. नोकरी लागली ती पाणीपुरवठ्याच्या खात्यात. काही वर्षं दुसरीकडे काढल्यावर बदली डहाणूला झाली, आणि पाड्यांना नळाने पाणी देण्याच्या योजनेचं काम माझ्याकडे आलं. मी गाडीतून उतरायचे. पायी हिंडायचे. तरी लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, आणि त्यांची काही चूक नव्हती. टाकीसाठी टेकाडावर थोडी जागा हवी होती, ती मागायला मी एका अंगणात तिसऱ्यांदा जाऊन बसले, तेव्हा एका म्हातारीने मला विचारलं, “तू बुधीची ना? मग तीच येऊ दे सांगायला.” फुई गेली. काय बोलली कोण जाणे. मला बाहेर थांबायला लावलं होतं. जागा मिळाली.

पाणी सुटायच्या दिवशी आमच्या पाड्यावरच्या नळाशी बाया हंडे घेऊन जमल्या होत्या. फुई आता वाकली होती, काठी घेऊन चालायची. आईने तिला पुढे केलं, “पहिला मान तुमचा.” नळ आधी खोकला, हवा सोडली, गढूळ पिचकारी मारली आणि मग धार लागली. बाया ओरडल्या. फुईने धारेखाली हात धरला, आणि तसाच धरून माझ्याकडे वळली.

“हे पाणी कठलं गं?”

मला ठाऊक होतं की ती विचारणार. विहीर म्हणता आलं असतं, बोअर म्हणता आलं असतं. आसपासच्या बायांनाही ठाऊक होतं तिचं गाव कुठे आहे ते.

“तिथलंच आहे, फुई,” मी म्हटलं. “तुझ्या गावावरचं.”

तिने हात मागे घेतला नाही. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत राहिलं. मग तिने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. हळूहळू प्यायली, डोळे मिटून, मधे थांबून.

“आमच्या विहिरीचं गोड होतं,” म्हणाली. “याला दवाईचा वास येतो.”

“जंतू मरायला टाकतात ते.”

“जरा कमी टाकायला सांग.”

मग तिने पायाशी ठेवलेला हंडा नळाखाली लावला. तो भरेपर्यंत सगळ्या बाया थांबल्या. आईने तो उचलून घरी न्यायला घेतला, तर तिने नाही म्हणून मान हलवली. “हा खाली ठेव. घरी दुसरा आहे, तो पण घेऊन ये.”